खालच्या पानाची उद्घोषणा

“आजपासून या मांडवाखाली कोणत्याही रोगाला थांबा मिळणार नाही! सर्व संबंधितांनी याची नोंद घ्यावी!”

बंडूजी डेकाट्यांनी ही उद्घोषणा केली तेव्हा त्यांचा एक हात कमरेवर होता, दुसरा आभाळाकडे होता, आणि तिसरा असता तर त्यात खात्रीनं माइक असता. आषाढातली उघाड पडलेली सकाळ होती. अंगणात बांबूचा नवा मांडव उभा राहिला होता. त्याच्या चार खांबांपाशी काकडीचे चार वेल सुतळी धरायला लागले होते. श्रोते म्हणून दोनच माणसं हजर होती, पत्नी सुलोचनाबाई आणि शेजारचा हरिदास थूल.

हरिदास पायरीवर बसून चहा पीत होता. त्यानं बशी बाजूला ठेवली आणि बोट जमिनीकडे केलं.

“कंट्रोलर साहेब, तुमचं भाषण चालूच हाये अन चार पॅसेंजर उतरले बी.”

बंडूजींनी खाली पाहिलं. चारही वेलांच्या पहिल्या, अगदी बुडाशी असलेल्या पानावर एकेक तपकिरी ठिपका होता. ठिपक्याला पिवळी कड. करपा. तोसुद्धा कसा शिस्तीत, प्रत्येक फलाटावर एक.

हिंगणीत बंडूजींना कंट्रोलर म्हणत, कारण त्यांची उभी नोकरी वर्ध्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून, चौकशीच्या खिडकीमागे, माइकसमोर गेली होती. निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा माइक सरकारजमा झाला, आवाज मात्र सोबत आला. घरात पाणी प्यायचं असलं तरी ‘स्वयंपाकघरातून ओसरीकडे येणारा तांब्या थोड्याच वेळात सुटत आहे’ असं ते जाहीर करत. आतून उत्तर येई, “तांब्या रद्द झाला. उठून घ्या.” हरिदास त्याच आगारात ड्रायव्हर होता. नोकरीत असेपर्यंत त्यानं या आवाजाच्या हुकमावर गाडी लावली आणि काढली. निवृत्तीनंतर त्यानं एकच नेम धरला होता : आवाज रोज ऐकायचा आणि एकदाही मानायचा नाही.

आता काकडीचं. ही काकडी बाजारातली नव्हती. ती सुलोचनाबाईंच्या माहेरची होती. बोर नदीच्या काठच्या त्यांच्या वाडीत पिकायची. हातभर लांब, अंगावर पांढरे पट्टे, आणि देठापर्यंत खाल्ली तरी कडू म्हणून लागायची नाही. पुढे वाडी विकली गेली, भाऊ पुलगावला राहायला गेले, वहिन्यांना चकचकीत पाकिटातलं बी आवडू लागलं. जुना वाण उरला तो सुलोचनाबाईंच्या एका पत्र्याच्या डब्यात, राखेत घोळलेला. त्या डब्याचं झाकण मागच्या उन्हाळ्यात उंदरांनी उघडलं आणि आपला वाटा काढून घेतला. त्यातून जे उरलं, तेवढंच बी आता जगात होतं.

सुलोचनाबाई ते परसात गुपचूप लावणार होत्या. पण बंडूजींनी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून, कोणीही विचारलेलं नसताना, हा वाण आपण स्वतः वाढवणार असल्याचं जाहीर करून टाकलं. भोंग्यावर गेलेली गोष्ट परत कशी घेणार? सुलोचनाबाईंनी डबा पुढे केला, पण हात लगेच सोडला नाही.

“हे गेलं त माह्या माहेरचं काहीच राह्यत नाई, समजलं?”

“भाऊ आहेत न तुझे.”

“भाऊ आहेत. पण ते काकडी नाईत.”

बंडूजींनी डबा घेतला.

म्हणजे त्या चार ठिपक्यांत नेमकं काय पणाला लागलं होतं, ते अंगणातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

रोगाच्या बाबतीत बंडूजींचा एक सिद्धांत होता आणि तो त्यांनी मारबतीवरून बसवला होता. पोळ्याला गावात दारोदारी पळसाच्या फांद्या खोचतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उपटायच्या आणि ‘ईडा पिडा, रोगराई, खोकला-पडसं घेऊन जाय गे मारबत!’ असं ओरडत शिवेबाहेर नेऊन फेकायच्या. यात बंडूजींचा आवाज लहानपणापासून सगळ्यांच्या वर. तेव्हा सिद्धांत असा : रोग दिसला की उचलायचा आणि शिवेबाहेर टाकायचा. विचार करत बसलं तर रोगही बसतो.

“आत्ताच्या आत्ता सगळे पानं तोडतो,” ते म्हणाले.

अडचण एवढीच होती की पानं जमिनीपासून वीतभर उंचीवर होती आणि बंडूजींना खाली बसता येत नव्हतं. गुडघे. नोकरीत खुर्चीला चिकटून राहिले होते ते कायमचेच तसे वळले होते. रोज संध्याकाळी ते मांडवाच्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची टाकत आणि गुडघ्यांना बाम चोळत बसत. हिंगणीत संध्याकाळ झाल्याचं कुणाला घड्याळात पाहावं लागत नसे, वास पुरे.

त्यांनी छत्री आणली. छत्रीच्या वाकड्या मुठीत देठ अडकवून ओढलं की पान तुटे. पहिला वेल झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथा वेल कोपऱ्यात, गुरांच्या पाण्याच्या जुन्या दगडी डोणीच्या मागे होता. तिथं छत्री शिरेना. बंडूजींनी एकदा डावीकडून प्रयत्न केला, एकदा उजवीकडून. मग एक पाय डोणीवर ठेवला. गुडघ्यातून असा काही आवाज आला की हरिदासनं चहा पिता पिता मान वर केली.

“काय तुटलं, पान का पाय?”

“पान,” बंडूजी म्हणाले.

पान जागच्या जागी होतं. बंडूजींनी छत्रीच्या टोकानं फुटक्या मडक्याचं एक खापर पुढे ढकललं आणि त्याचा आडोसा केला.

“सगळे काढले?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“सगळे.”

“कोपऱ्यातलं?”

“कोपऱ्यातलं त सगळ्यात आधी.”

इथून पुढे बंडूजींनी मांडवावर जी स्वच्छता राबवली तिची गावात वाखाणणी झाली. वेल वर चढत होते आणि त्यांच्यासोबत ठिपकेही चढत होते. तीन वेलांवर रोज सकाळी कुठे ना कुठे नवा ठिपका दिसे. बंडूजी छत्री घेऊन हजर. पान तोडलं, बादलीत टाकलं, बादली शिवेपर्यंत नेली. लवकरच त्या तीन वेलांकडे पाहिलं की उन्हाळ्यात मुंज झालेल्या बटूंची आठवण येऊ लागली. शेंड्याला तेवढी शेंडी.

चौथा वेल त्यांच्या खुर्चीच्याच कोपऱ्यात होता, पण ते त्याच्याकडे पाठ करून बसत. तिथं तोडण्यासारखं काही नव्हतं म्हणून, आणि तिकडे पाहिलं की खापर दिसे म्हणून.

मग श्रावणाची झड लागली. आठवडाभर ऊन नाही, पानांवरचं पाणी वाळेना, आणि करपा गावभर मोकाट सुटला. कुणाचा दोडका गेला, कुणाची चवळी, कुणाचा भोपळा. बंडूजींचे तीन वेलही गेले. आधीच उघडे झालेले, त्यांना पडायला वेळ लागला नाही. एका सकाळी सुतळीवर नुसती वाळकी दोरखंडं लोंबत होती.

सुलोचनाबाई आत गेल्या, पत्र्याचा डबा काढला, तळहातावर उलटा केला. थोडी राख पडली. त्यांनी राख फुंकली, झाकण लावलं आणि डबा फळीवर जागच्या जागी ठेवला. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ‘तुमची अक्कल गुडघ्यात हाये’ हे वाक्य त्या दिवसातून एकदा तरी म्हणत. त्या दिवशी म्हटलं नाही. बंडूजींना ते वाक्य न ऐकता जेवण जाईना.

ते बाहेर येऊन खुर्चीत बसले. बाम काढला. गुडघा चोळता चोळता त्यांची नजर वर गेली आणि तिथंच राहिली.

चौथा वेल हिरवागार होता.

नुसता जिवंत नव्हता. मांडवाच्या त्याच्या वाट्याच्या कोपऱ्यावर ऐसपैस पसरला होता, पिवळी फुलं काढून बसला होता, आणि पानाआड बोटाएवढ्या दोन काकड्या, अंगावर पांढरे पट्टे असलेल्या, लपाछपी खेळत होत्या. जणू करप्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

“अवं! बाहेर ये!” बंडूजी ओरडले. त्यात एकही सरकारी शब्द नव्हता. सुलोचनाबाई धावतच आल्या.

दुपारपर्यंत अर्धं गाव वेल पाहून गेलं आणि प्रत्येक जण जाताना एकेक कारण ठेवून गेला. कोणी म्हणालं, डोणीच्या दगडाचा गारवा. कोणी म्हणालं, ईशान्य कोपरा. सुलोचनाबाई म्हणाल्या, “माहेरचं बी हाये, उगीच नाई.” जे तीन वेल गेले त्यांचं बीही माहेरचंच होतं, याची आठवण कुणी करून दिली नाही. हरिदास नाक वर करून दोनदा हुंगला आणि म्हणाला, “बाम. हा माणूस रोज इथंच बसते. कोणता रोग येईन या वासात? मीच नाई येत.”

बंडूजींनी मात्र ठाम सांगितलं, “स्वच्छता!”

पोळ्याला हरिदासची मुलगी रोशनी अकोल्याहून आली. ती तिथल्या कृषी विद्यापीठात वनस्पतींच्या रोगांवर संशोधन करत होती. हरिदास गावात सांगे, “झाडाची डॉक्टर होऊन राह्यली. फायदा असा का पेशंट रात्री दार वाजवत नाई.” बॅग ओसरीवर टाकून ती थेट बंडूजींच्या मांडवाखाली आली.

तिनं आधी पानं पाहिली. एकेक पान उलटं केलं.

“काकाजी, हे पाहा. ठिपके याच्यावरबी आलेत.”

बंडूजींनी छत्रीला हात घातला.

“थांबा थांबा! आलेत, पण टाचणीच्या डोक्याएवढेच राह्यले. वाढलेच नाईत. बुरशी आली, दार वाजवलं, अन दारातच मेली.” तिचा आवाज चढला होता. “या वेलाले आधी कधी करपा झाला होता का? एकदम सुरुवातीले? बुडाच्या पानाले?”

“नाई,” बंडूजी म्हणाले. “म्हणजे झाला होता. मंग काढलं मी ते.”

“कधी काढलं?”

“लगेच. सगळ्यात आधी.”

रोशनीनं मान हलवली. “मंग हे जमत नाई.” आणि ती डोणीमागे उकिडवी बसली, गुडघे नावाची वस्तूच नसल्यासारखी. खापर तिनं सहज बाजूला केलं.

मागे ते पान होतं. पार वाळलेलं, भोकं पडलेलं, कडा जळालेल्या, पण देठाला धरून.

सुलोचनाबाईंनी पानाकडे पाहिलं, मग खापराकडे, मग नवऱ्याकडे.

“सगळ्यात आधी?” त्या म्हणाल्या.

“छत्री पुरत नव्हती,” बंडूजी पुटपुटले. “अन वाकता येत नाई. तुले सांगितलं असतं त तू वाकली असती. तुह्या कंबरेचं मंग पाहा.”

हरिदास तोंडावर उपरणं धरून खांद्यांनी हसत होता. बंडूजींना वाटलं, आता होईल ते होवो. पण रोशनी उठली ती टाळ्या वाजवतच.

“काकाजी! याच पानानं वेल वाचवला!”

“या? या मेलेल्यानं?”

“मरता मरता. ऐका. बुरशी या पानावर उतरली. पानानं काय केलं, ठिपक्याभोवतालचा आपलाच भाग मारून टाकला. पुढं खायलेच काई ठेवलं नाई. अन आतमंदी एक आम्ल तयार केलं, सॅलिसिलिक आम्ल. तुम्ही डोकं दुखलं का ॲस्पिरिन घेता न, त्याचा चुलतभाऊ.”

“झाडाचंबी डोकं दुखते काय वं?” हरिदासनं विचारलं.

“बाबा, मधात बोलू नका. तर काकाजी, मंग या पानातून निरोप निघते. अन्नरस वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्याच्यातून वर, शेंड्यापर्यंत. ‘रोग आला हाये, तयारीत राहा.’ वरच्या पानांले तेव्हा काहीबी झालं नसते. पण ते आधीच हत्यारं काढून ठेवते. बुरशीची भिंत फोडणारे रस बनवून ठेवते. मंग बुरशी आली का उभ्या उभ्या निकाल. अन एकट्या करप्यासाठी नाई, दुसऱ्याबी कितीतरी रोगांसाठी. सगळा वेलच सावध.”

“निरोप म्हणजे तेच आम्ल जाते का वर?” बंडूजींनी विचारलं. निरोप म्हटल्यावर त्यांच्यातला नियंत्रक जागा झाला होता.

“त्याच्यावर अजून भांडणं चालू हायेत. ते आम्ल, त्याचे नातेवाईक, अजून दोनचार जण. एकच निरोप्या नसन, टोळी असन. आम्ल खालच्या पानातबी लागते अन वरच्यातबी, एवढं नक्की.”

“अन बाकीचे तीन वेल? त्याईलेबी ठिपका आलाच होता.”

रोशनीला सांगणं जिवावर आलं. म्हातारा माणूस, सणाचा दिवस. पण खरं ते सांगावंच लागणार होतं.

“निरोप तयार होऊन सुटायले काही दिवस लागते, काकाजी. तुम्ही ते पानं ठिपका दिसल्याबरोबर तोडले. निरोप निघायच्या आधीच.”

बंडूजी खुर्चीत बसले. समोर वाळक्या सुतळ्या लोंबत होत्या. ते हळूच म्हणाले, “हरिदास, सेलूच्या अलीकडच्या नाल्याले पूर आला होता, आठवते? तुहीच गाडी होती.”

“माहीच होती. चाकापर्यंत पाणी. कंडक्टरनं उतरून धाब्यावरून फोन लावला तुमाले.”

“फोन आल्याबरोबर मी माइकवर सांगितलं अन त्या रस्त्यानं जाणारी एकेक गाडी स्टँडवरच थांबवली. तू अडकला, पण बाकीच्या वाचल्या.”

“मी भिजून काकडी झालो होतो,” हरिदास म्हणाला. “म्हणजे खालचं पान मीच होतो.”

“अन मी इथं काय केलं?” बंडूजी म्हणाले. “फोन लावणाऱ्या कंडक्टरलेच उचलून शिवेबाहेर टाकलं. तीनदा.” त्यांनी छत्रीकडे पाहिलं. “आयुष्यभर निरोपाचंच खाल्लं अन निरोपच कापला.”

बोलल्या त्या सुलोचनाबाईच. कमरेवर हात ठेवून, सावकाश, अनेक दिवसांची थकबाकी फेडल्यासारख्या.

“तरी मी म्हणत होती, तुमची अक्कल गुडघ्यात हाये. गुडघ्यात होती म्हणूनच वेल वाचला. डोकशात असती त चौथंबी पान तोडलं असतं.”

बंडूजींच्या जिवात जीव आला. त्या दिवशी ते दोन पुरणपोळ्या जास्त जेवले.

“एक मात्र,” रोशनी जाताना म्हणाली, “हा काही अमरपट्टा नाई. झड जास्त झाली त वेल हरूबी शकते. अन आता उठून सगळ्याईनं रोगट पानं वावरात सांभाळत बसू नका, काढणंबी लागतेच. किती, कधी, कोणतं, याच्यातच त मी अकोल्याले डोकं फोडून राह्यली.”

“अन बाम?” हरिदासनं विचारलं. त्याला आपला सिद्धांत सोडवेना.

इथं रोशनीनं एक चूक केली. तिनं खरं उत्तर दिलं. “त्या आम्लाचा एक भाऊ हवेतून जाते. त्याचा वास आला का शेजारचं झाडबी सावध होते, असं तंबाखूच्या झाडावर दिसलं हाये. अन बामाचा जो वास येते न, तो त्याचाच. पण बाबा, बामानं वेल वाचला असं मी म्हटलं नाई. ऐकून राह्यले न? म्हटलं नाई!”

दुसऱ्या दिवशी हिंगणीच्या दुकानातला बाम संपला. एक गृहस्थ दोडक्याच्या वेलाला बुडापासून शेंड्यापर्यंत मालिश करताना आढळले. दोडका काही सुधारला नाही. गृहस्थांच्या हाताचं दुखणं मात्र गेलं.

त्याच पहाटे मारबत निघाली. पळसाच्या फांद्या खांद्यावर घेऊन, डबे बडवत, अख्खं गाव गल्लीगल्लीतून ओरडत येत होतं. “ईडा पिडा घेऊन जाय गे मारबत!” प्रत्येक दारात थांबायचं, त्या घरची फांदी उपटायची, आणि घरातली ईडापिडा म्हणून जे काय असेल ते गोळा करायचं. बंडूजींच्या दारात लोंढा थांबला. गल्लीत कुणीतरी ओरडलं, “कंट्रोलर, काकडीचं सडकं पान द्या! जाऊ द्या मारबतीसंगं!”

दोघं जण खरोखरच डोणीकडे निघाले. सुलोचनाबाई पदर खोचून डोणीपुढे उभ्या राहिल्या. आणि बंडूजींनी, ज्यांनी जन्मभर या दिवशी सगळ्यात मोठ्यानं रोगाला हाकललं होतं, दोन्ही हात वर केले.

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं!”

डबे थांबले. तो आवाज थांबवणाराच होता. त्या आवाजावर वर्ध्यात माणसं अर्धा वडा हातात घेऊन पळाली होती.

“शिवेकडे जाणारी मारबत आता सुटत आहे. खोकला, पडसं, खरूज, हिवताप, भांडणं, सर्वांनी आपापली जागा घ्यावी. करप्यानंही बसून घ्यावं. खालचं पान मात्र जाणार नाही. मी पुन्हा सांगतो, खालचं पान जाणार नाही. ते ड्युटीवर आहे!”

हरिदास पुढे झाला. नोकरीनंतर पहिल्यांदाच त्यानं तो आवाज मानला. खांद्यावरची फांदी उंच करून तो ओरडला, “रोगराई घेऊन जाय गे मारबत!” आणि गल्लीनं उत्तर दिलं, “खालचं पान ठेवून जाय गे मारबत!” म्हातारे, बाया, सगळे. डबे असे वाजले की बोरच्या जंगलातल्या वाघानंसुद्धा कूस बदलली असेल. लोंढा शिवेपर्यंत तेच म्हणत गेला. हिंगणीत मारबतीच्या आरोळीत एक ओळ वाढली ती अशी.

त्यानंतरचे आठवडे बंडूजींनी छत्री फळीवर टाकून दिली आणि नुसती राखण केली. बियांसाठी राखायची काकडी वेलावरच पिवळी होऊन, मग तांबडी होऊन, तडकायला आली पाहिजे. तोवर वेल टिकला पाहिजे. झड पुन्हा एकदा आली. शेजारच्या वाडीतली उरलीसुरली काकडी आडवी झाली. बंडूजी रोज सकाळी खुर्चीवरूनच वरची पानं न्याहाळत आणि टाचणीएवढे ठिपके टाचणीएवढेच राहिल्याचं आत कळवत. एकदा शेंड्याच्या दोन पानांवर ठिपके रुपयाएवढे झाले. बंडूजींचे हात शिवशिवले. ते स्वतःच्याच हातांवर बसले. ठिपके तिथंच थांबले.

वेल दसऱ्यापर्यंत टिकला.

घटस्थापनेला सुलोचनाबाईंनी त्या चांगल्या पिकलेल्या काकड्या एकेक करून विळीवर धरल्या. आतून बिया निघाल्या, भरघोस, टपोऱ्या, ओळीनं बसलेल्या. त्यांनी त्या धुतल्या, सुपात पसरल्या, बोटांनी फिरवत राहिल्या. बंडूजी बाजूला उभे होते. बाईंनी वर न पाहता एक बी उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं, नुसतं पाहायला. मग लगेच परत घेतलं. एवढा विश्वास अजून बसला नव्हता.

दसऱ्याच्या संध्याकाळी गाव सोनं द्यायला आलं. आपट्याची पानं हातात देत लोक म्हणत होते, “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.” सुलोचनाबाई सोनं घेत होत्या आणि उलट प्रत्येकाच्या हातात चिमूटभर बी ठेवत होत्या. “माह्या माहेरचं हाये,” त्या प्रत्येकाला सांगत होत्या, “कडू नाई लागत. पुढच्या साली मले एक काकडी आणून देजो.” पत्र्याचा डबा त्यांनी काठोकाठ भरून आधीच वर ठेवला होता, आणि यंदा झाकणावर पाटा होता. पण आता उंदरांनी सगळा डबा खाल्ला असता तरी वाण गेला नसता. तो तीसेक घरांत पोचला होता. दसऱ्याला पुन्हा गावी आलेली रोशनी अकोल्याला थोडं बी घेऊन जाणार होती ते वेगळंच.

वाटून झाल्यावर सुलोचनाबाईंनी हळदीकुंकवाची वाटी आणली. ते पान केव्हाच गळून पडलं होतं, पण देठाची खूण वेलाच्या बुडाशी होती. “पूजा करा,” त्या म्हणाल्या. “तुमीच करा. खाली बसून. त्याले उभ्या उभ्या कुंकू लावाल त बरं दिसन का?”

सगळं गाव पाहत होतं. बंडूजींनी डोणीचा कठडा धरला, डोळे मिटले आणि बसले. गुडघ्यांनी दोन आवाज केले, पण टाळ्यांत ते ऐकू गेले नाहीत. कैक वर्षांत पहिल्यांदा ते जमिनीवर बसले होते, आणि आता त्यांचं तोंड त्या खुणेच्या समोरासमोर आलं. त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, आपट्याचं एक पान वाहिलं. कुणीतरी खांद्यावर शाल टाकली. बंडूजींनी शाल सावरली.

“सर्व प्रवाशांनी नोंद घ्यावी!” मांडवाखाली आवाज घुमला. “बोर नदीच्या काठावरून निघालेला, मध्यंतरी उंदरांमुळे, करप्यामुळे आणि प्रस्तुत नियंत्रकाच्या छत्रीमुळे विलंबानं धावत असलेला सुलोचनाबाईंच्या माहेरचा वाण हिंगणीत सुखरूप दाखल झाला आहे! पुढच्या पावसाळ्यात तो गावातल्या प्रत्येक मांडवावर थांबेल! आणि ज्या पानानं स्वतः जळून सगळ्या वेलाला सावध केलं, त्या पानाचा...”

“विजय असो!” गाव गरजलं.

टाळ्या, डबे, फटाक्याची एक लड. सुलोचनाबाई पदरानं डोळे टिपत हसत होत्या. रोशनीनं फोटो काढला. मग आतून करंज्यांची परात आल्याची वार्ता पसरली, आणि गर्दी बघता बघता ओसरीकडे वळली.

मांडवाखाली बंडूजी शाल पांघरून, देठाच्या खुणेसमोर, तसेच बसून राहिले. हरिदास परातीकडे निघाला होता. त्याला मागून हाक आली, माइकच्या आवाजात नव्हे, अगदी घरगुती.

“हरिदास, जरा हात देजो न. मले उठता येऊन नाई राह्यलं.”